पाण्यात उभी झाडं सुकतात तेव्हा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरकडच्या एका शाळेतून आम्हाला निरोप आला, 'झाडं सुकताहेत, पण पाणी तर भरपूर आहे.' शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी प्रयोगशाळेमागच्या छोट्या खोलीत मातीविना पालक आणि पुदिना लावला होता. हिवाळ्यात त्यांनी दोनदा पालक खुडून माध्यान्ह भोजनाच्या भाजीत घातलाही होता. आता दुपारी अकरा वाजले की पानं माना टाकायची, रात्री थोडी सावरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आम्ही पोहोचलो तेव्हा मुलांकडे तीन तर्क तयार होते. दिव्यांचा प्रकाश जास्त होतोय. पाण्यात क्षार जास्त झालेत. झाडांना नवीन पाणी हवंय. तिसरा तर्क मांडणारी मुलगी स्वतःच म्हणाली, "पण सर, मुळं तर पाण्यातच बुडालीत. आणखी पाणी देऊन काय होणार?"

हा प्रश्न फार चांगला होता. मातीतलं रोप सुकलं तर आपण पाणी घालतो. पाण्यातच उभं असलेलं रोप सुकलं तर काय घालायचं?

आम्ही टबमध्ये तापमापक घातला. पाणी ३४ अंश सेल्सिअसवर होतं. एक रोप उचलून पाहिलं. हिवाळ्यात पांढरीशुभ्र असलेली मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती आणि त्यांना कुजकट वास येत होता. रोगाचं घर पानांत नव्हतं, मुळांत होतं.

मुळांनाही श्वास हवा

पाण्यात झाडं वाढवण्याची कल्पना नवी नाही. १६९९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्यात पुदिन्याची रोपं वाढवून पाहिली होती. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी पाण्यात ठरावीक क्षार विरघळवून झाडं वाढवली आणि झाडाला मातीतून नेमकं काय लागतं ते शोधून काढलं. 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द कॅलिफोर्नियातल्या विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये रूढ केला. या पद्धतीत एक गोष्ट सांभाळावी लागते. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा पुरवणं.

पानं प्रकाशात अन्न तयार करतात हे आपण शिकवतो. पण झाडाची प्रत्येक जिवंत पेशी श्वसनही करते, हे शिकवताना मुळं बहुधा विसरली जातात. मुळं क्षार ओढून घेतात ते ऊर्जा खर्च करून, आणि ती ऊर्जा श्वसनातून येते. मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांतून हवा मिळते. पाण्यात मात्र जेवढा ऑक्सिजन विरघळलेला असेल तेवढ्यावर भागवावं लागतं.

तो असतो तरी किती? ३० अंश तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात, कितीही हवा घुसळली तरी, जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. शिवाय पाण्यात ऑक्सिजन पसरतो तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद गतीने. म्हणूनच मुलांनी माशांच्या टाकीतला हवेचा पंप टबमध्ये लावला होता, ते बरोबरच होतं. पण हवा भरूनही पाणी जास्तीत जास्त किती ऑक्सिजन धरून ठेवील, हे तापमान ठरवतं:

२० अंश : लिटरला ९.१ मिलिग्रॅम
२५ अंश : लिटरला ८.३ मिलिग्रॅम
३० अंश : लिटरला ७.६ मिलिग्रॅम
३५ अंश : लिटरला ६.९ मिलिग्रॅम

हे वर्गात दाखवायला सोपं आहे. काचेच्या चंचुपात्रात नळाचं पाणी घेऊन मंद आचेवर ठेवा. उकळायला खूप अवकाश असताना, ४०-५० अंशांनाच, काचेच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरू लागतात. ती वाफ नव्हे. गरम पाण्यात मावेनाशी झालेली हवा बाहेर पडत असते.

आता कोणी म्हणेल, २० अंशांवरून ३० वर गेलं तर ऑक्सिजन ९.१ चा ७.६ झाला, म्हणजे सहाव्या हिश्श्याने कमी. एवढ्याने काय बिघडतं? बिघडतं ते दुसऱ्या बाजूने. तापमान दहा अंशांनी वाढलं की मुळांच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचाही वाढतो. पुरवठा सहाव्या हिश्श्याने घटला आणि मागणी दुप्पट झाली, असा हा दुहेरी मार आहे.

ऑक्सिजन कमी पडला की मुळांच्या पेशींतला रस आम्लधर्मी होऊ लागतो. पेशींच्या आवरणात पाणी आत घेण्यासाठी प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. आम्लता वाढली की ती बंद होतात. मुळं पाण्यात बुडालेली, पण दारं बंद. वर पानांतून मात्र बाष्पोत्सर्जन चालूच. झाड तहानेनं माना टाकतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. त्यातच पिथियमसारखे, बुरशीसारखे दिसणारे पाण्यातले जीव कोमट पाण्यात जोमानं वाढतात आणि दुबळ्या झालेल्या मुळांवर तुटून पडतात. तपकिरी रंग आणि कुजकट वास ही त्याचीच खूण.

"मग भात कसा उभा राहतो?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. भाताच्या खाचरातलं पाणीही तापतं, आणि त्यात तर पंपही नसतो. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडून हवा थेट मुळांपर्यंत उतरते. अळवाचंही असंच आहे. पालकाजवळ ही सोय फारशी नाही.

खोली नको, मुळं गार करा

सगळी खोली गार करायची तर वातानुकूलन यंत्र हवं. ते शाळेला परवडणारं नव्हतं, आणि सुदैवानं त्याची गरजही नव्हती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सॅलडच्या लेट्यूसवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की हवा ३१ अंशांवर असली तरी मुळांखालचं पाणी २४ अंशांवर राखलं तर विकण्याजोगे चांगले गड्डे मिळतात. सिंगापूरमध्येही संशोधकांनी १९९० च्या दशकात हेच तत्त्व वापरलं. तिथल्या उष्ण, दमट हवेत थंड प्रदेशातल्या भाज्या त्यांनी वाढवल्या, त्या फक्त मुळं गार ठेवून. हवेपेक्षा पाणी गार ठेवणं सोयीचंही आहे, कारण पाणी टबात राहतं, हवा दारा-खिडक्यांतून निघून जाते.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. मुलांच्या टबात ४० लिटर पाणी होतं. वर २० वॉटच्या चार एलईडी नळ्या, म्हणजे ८० वॉट. एलईडी 'थंड' दिवा असतो असं आपण म्हणतो, पण ते तितकंसं खरं नाही. तो विजेचा जास्त भाग प्रकाशात बदलतो, एवढंच. तो प्रकाश पानांवर, भिंतींवर, पाण्यावर पडून अखेर उष्णताच होतो. झाडं त्यातला अगदी थोडा, शेकड्याला एक-दोन भाग, अन्नात साठवतात. शिवाय खोलीची हवा ३६-३७ अंशांवर, वर तापलेला स्लॅब. टबाचं पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवायचं तर चहूबाजूंनी त्यात मिळून सुमारे १०० वॉट उष्णता शिरत राहील, असा अंदाज आम्ही मुलांबरोबर बसून काढला.

हे एकदा कळलं की बिनखर्चाचे उपाय सुचतात. टबाला बाहेरून थर्मोकोल लावला. दिवे दिवसा लावण्याऐवजी संध्याकाळी सात ते सकाळी सात लावले. झाडांना बारा तास प्रकाश मिळाला म्हणजे झालं, तो कोणत्या बारा तासांत मिळतो याचं त्यांना सोयरसुतक नाही. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून गोणपाट टांगलं. एवढ्यानं पाणी दोन-तीन अंश उतरलं. ते पुरेसं नव्हतं.

दोन फसलेले उपाय

मुलांचा पहिला उपाय बर्फाचा होता. प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून टबात सोडायचं. चांगली कल्पना, पण हिशोब मांडून पाहा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो आणि ते पाणी पुढे २७ अंशांपर्यंत तापताना आणखी ११३. एकूण सुमारे ४५० किलोज्यूल. ४० लिटर पाण्याचं तापमान एका अंशानं उतरवायला १६७ किलोज्यूल काढावी लागतात. म्हणजे एका बाटलीनं पाणी जेमतेम पावणेतीन अंश उतरेल. इकडे १०० वॉटप्रमाणे तासाला ३६० किलोज्यूल आत येताहेत. सव्वा तासात बाटली संपली! दुपारच्या आठ तासांना सहा-सात बाटल्या, त्याही रोज. शिक्षकांच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजला हे झेपलं नाही.

दुसरा उपाय आमचा होता आणि तो अधिक फसला. शाळेत एक जुना कूलर पडून होता. आम्ही म्हटलं, लावा तो खोलीत. पहिला अर्धा तास छान गार वाटलं. मग खोलीत चिकचिक होऊ लागली, भिंतीवरचे कागद ओले झाले आणि पाण्याचं तापमान हलेना. खिडक्या बंद होत्या. कूलरनं खोलीतली हवा बाष्पानं भरून टाकली होती आणि भरलेल्या हवेत आणखी पाणी बाष्प होईना. शहाणपणाच्या भरात आम्ही नववीच्या पुस्तकातला धडा विसरलो होतो.

माठ किती गार करू शकतो?

तो धडा माठाचा. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या पृष्ठभागावरून त्याचं बाष्प होतं आणि बाष्प होताना ते आतल्या पाण्यातून उष्णता घेऊन जातं. ३० अंशांच्या आसपास एक लिटर पाण्याचं बाष्प व्हायला सुमारे २४३० किलोज्यूल लागतात. एक किलो बर्फाच्या पाचपटीहून जास्त, आणि फ्रीजशिवाय! आपल्या टबात तासाला शिरणाऱ्या ३६० किलोज्यूलसाठी फक्त १५० मिलिलिटर पाण्याचं, म्हणजे एका कपभर पाण्याचं बाष्प झालं तरी पुरे.

पण माठाला मर्यादा आहे. ती मोजता येते, आणि साधन विकत घ्यायला नको. प्रयोगशाळेतले दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळा, ती साध्या पाण्यानं भिजवा आणि दोन्हींवर पंख्याचा वारा सोडा. ओल्या तापमापकाचा पारा उतरत उतरत तीन-चार मिनिटांत एका जागी थांबतो. हे 'ओल्या फुग्याचं तापमान'. त्या क्षणी, त्या हवेत, पाणी उघड्यावर बाष्प करून याहून गार करता येत नाही. माठालाही नाही, कूलरलाही नाही. हवा जितकी कोरडी तितका हा आकडा खाली. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला तो साधारण असा येतो:

हवा ४२ अंश, आर्द्रता २० टक्के : ओला फुगा २४ अंश
हवा ३८ अंश, आर्द्रता ४० टक्के : ओला फुगा २७ अंश
हवा ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के : ओला फुगा २८ अंश

पहिली आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून पाहा. पहिली विदर्भातली मे महिन्यातली दुपार. तिसरी मुंबई किंवा रत्नागिरीकडची. हवा नऊ अंशांनी जास्त तापलेली असूनही विदर्भात पाणी चार अंश अधिक गार करता येतं. विदर्भात घरोघरी कूलर दिसतात आणि कोकणात का दिसत नाहीत, याचं कारण या दोन ओळींत आहे.

शाळेच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात मुलांनी मोजलं. कोरडा तापमापक ४१ अंश, ओला २४. म्हणजे मार्ग होता. फक्त बाष्पीभवन खोलीबाहेर व्हायला हवं आणि गारवा तेवढा आत यायला हवा.

हवा नको, पाणी घ्या

कूलर चालू असताना त्याच्या टाकीत हात घालून पाहिला आहे का? ते पाणी चांगलंच गार असतं. वाळ्यावरून किंवा लाकडाच्या भुश्श्याच्या जाळीवरून पुन्हा पुन्हा ओघळून ते ओल्या फुग्याच्या तापमानाजवळ आलेलं असतं. आपण कूलरची हवा वापरतो आणि पाण्याकडे लक्ष देत नाही. आम्ही उलटं केलं. कूलर व्हरांड्यात नेला, तोंड मैदानाकडे केलं आणि त्याच्या टाकीतलं पाणी पंपानं आतल्या टबातून फिरवून परत आणलं.

हे पाणी टबातल्या पोषक द्रावणात मिसळू द्यायचं नाही. द्रावणच जाळीवरून फिरवलं तर त्यातलं पाणी उडून जाईल, क्षार मागे राहून दाट होतील आणि जाळीवर पांढरा थर बसेल. म्हणून टबात नळीचं वेटोळं ठेवायचं. आतून कूलरचं साधं पाणी वाहतं, बाहेर द्रावण असतं, नळीच्या भिंतीतून उष्णता जाते.

वेटोळं कशाचं? पहिला विचार तांब्याच्या नळीचा येतो, कारण तांबं उत्तम उष्णतावाहक आहे. पण द्रावण किंचित आम्लधर्मी असतं. त्यात तांबं विरघळू लागतं आणि झाडांना तांबं अगदी अल्प प्रमाणातच चालतं, जास्त झालं की मुळांना विषारी ठरतं. पितळेचे जोड नकोत, तेही याच कारणासाठी. आम्ही ठिबक सिंचनाची १२ मिलिमीटरची काळी नळी घेतली. ती तालुक्याच्या गावी कुठेही मिळते. प्लास्टिक तांब्याच्या मानानं सुमारे हजारपट मंदवाहक आहे हे खरं, पण नळीची भिंत एखाद्या मिलिमीटरची असते आणि लांबी आपल्या हातात असते. दहा मीटर नळी घेतली तर उष्णता जायला सुमारे ०.३८ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. तेवढ्यात १०० वॉट उष्णता दोन-तीन अंशांच्या फरकावर आरामात बाहेर जाते. नळी अखंड ठेवायची, टबाच्या आत एकही जोड द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता टबातलं पाणी २७ अंशांवर होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शिपाईकाकांचा हिशोब

चार दिवसांनी शाळेतले शिपाईकाका आमच्याकडे आले. "साहेब, झाडं जगली ते चांगलं झालं. पण या कूलरला दिवसभरात किती बादल्या लागतात, ते मोजलंत का? मे महिन्यात आमच्या गावात टँकर येतो."

आम्ही मोजलं नव्हतं. मातीविना शेतीत पाणी वाचतं असं आम्हीच मुलांना सांगितलं होतं, आणि ते पाणी आम्ही व्हरांड्यात उडवत होतो. मुलांनी टाकीवर खुणा करून मोजलं तेव्हा दुपारी तासाला दहा लिटरच्या वर पाणी जात होतं. गरज तर कपभराची! उरलेलं कुठे गेलं?

उत्तर पंख्यात आहे. कूलरचा पंखा तासाला हजारो घनमीटर हवा ओढतो. समजा २००० घनमीटर ओढली. ती हवा ४० अंशांवरून २७ वर उतरवायला जवळजवळ २८ हजार किलोज्यूल काढावे लागतात, त्यासाठी साडेअकरा-बारा लिटर पाणी उडतं. टबातल्या ३६० किलोज्यूलची त्यात काय मातब्बरी? आम्ही टब गार करत नव्हतो, शाळेचं मैदान गार करत होतो.

म्हणजे पंखा लहान हवा. तासाला १०० घनमीटर हवा खेचणारा पुरे. जुन्या संगणकाच्या डब्यात १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंखा असतो, तो साधारण एवढंच काम करतो. पंखा लहान झाला तशी सगळी रचनाच लहान झाली:

१. रंगाची वीस लिटरची रिकामी, स्वच्छ धुतलेली बादली घ्यावी. पाण्याच्या पातळीच्या वर, चारी बाजूंनी बोटाएवढी भोकं पाडावीत.

२. भोकांच्या आतून कूलरच्या जुन्या जाळीचे तुकडे उभे लावावेत.

३. झाकणाला मध्यभागी भोक पाडून पंखा असा बसवावा की आतली हवा वर फेकली जाईल. बाहेरची हवा भोकांतून, ओल्या जाळीतून आत येईल.

४. बादलीच्या तळाशी कूलरचा छोटा पंप ठेवावा. तिथून पाणी खिडकीतून आत, टबातल्या वेटोळ्यातून फिरून परत बादलीत, पण थेट पाण्यात नाही, तर जाळीच्या माथ्यावर. ओघळता ओघळता ते गार होऊन तळाशी जमतं.

५. बादली आणि टब साधारण एकाच उंचीवर ठेवावेत, म्हणजे छोट्या पंपाला झेपतं. मिनिटाला दोन लिटर पाणी फिरलं तर एका फेरीत ते एक अंशसुद्धा तापत नाही.

बादली सावलीत आणि वाऱ्यावर हवी. पंख्याला १२ व्होल्टचाच पुरवठा द्यावा. पंप मात्र २३० व्होल्टचा असतो. म्हणून त्याला अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग हवा, फलकावर गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा आणि प्लग पाण्यापेक्षा उंच हवा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्यावा. दर आठवड्याला बादली रिकामी करून घासावी. त्यानं दोन कामं होतात. मागे राहिलेले क्षार जातात आणि डासांच्या अळ्या राहत नाहीत. भोकांना मच्छरदाणीचं कापड लावलं तर आणखी चांगलं.

नव्या रचनेत पाणी लागलं तासाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, आठ तासांना सुमारे साडेचार लिटर. टब २७ ते २८ अंशांवर राहिला. आधीच्या कूलरपेक्षा अर्धा-एक अंश जास्त, पण पाणी विसावा हिस्सा. कुजलेली रोपं आम्ही काढून टाकली, टब धुऊन नवं द्रावण भरलं आणि नवी रोपं लावली. दहा-बारा दिवसांनी मुलांनी एक रोप उचलून दाखवलं. मुळं पांढरी होती.

हे सगळं सगळीकडे चालेल का?

नाही, आणि ते आधी कळणं हाच या खटाटोपातला मोठा लाभ आहे. त्याच शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस येऊ घातलेला असताना, ओल्या फुग्याचा पारा २७ च्या वर गेला. बादली चालू होती, टब मात्र ३० वर. यंत्र बिघडलं नव्हतं. हवेत पाणी घ्यायला जागा नव्हती, इतकंच. कोकणात किंवा गोव्यात उन्हाळाभर हीच परिस्थिती असते. तिथे ही बादली बांधण्यात वेळ घालवू नये. त्यापेक्षा उन्हाळ्यात अळूसारखं कोमट, चिखलट पाणी सोसणारं पीक घ्यावं आणि पालक हिवाळ्यासाठी ठेवावा.

आणि जिथे पिण्याचं पाणीच मोजून मिळतं, तिथे साडेचार लिटर पाणी दहा रोपांसाठी उडवावं का, हा प्रश्न उरतोच. आम्ही तो मुलांवर सोपवला. त्यांनी वर्गात मत घेतलं. मे महिन्यात टब रिकामा ठेवायचा आणि जुलैत पुन्हा लावायचा, असं ठरलं. गार कसं करायचं हे विज्ञानानं सांगितलं, आणि त्याला किती पाणी लागेल तेही. त्या आकड्याचं काय करायचं ते माणसांनीच ठरवायचं असतं. शिपाईकाकांनी बादल्या मोजायला लावल्या नसत्या तर तो आकडा आमच्यासमोर आलाच नसता.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. मार्च ते जून रोज दुपारी तीन वाजता कोरड्या आणि ओल्या तापमापकाची नोंद करा. तुमच्या गावात किती दिवस ओला फुगा २५ अंशांच्या खाली राहतो?

२. एक माठ आणि तेवढीच स्टीलची कळशी सावलीत ठेवा. माठाचं वजन सकाळी व संध्याकाळी करा. कमी झालेल्या वजनावरून माठानं किती किलोज्यूल उष्णता बाहेर टाकली ते काढा. सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच निघाली का?

३. दोन सारख्या डब्यांत पुदिन्याच्या फांद्या लावा. एक डबा ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यावर, दुसरा तसाच. दोन आठवड्यांनी मुळांची लांबी आणि रंग यांची तुलना करा.

४. फ्रीजचं दार उघडं ठेवून खोली गार होईल का? आमच्या बंद खोलीतल्या कूलरची आणि या प्रश्नाची तुलना करा. दोन्हींत साम्य काय आणि फरक काय?

तुमच्या गावाचे आकडे आम्हाला जरूर कळवा. एका जिल्ह्यातल्या पाच-सहा शाळांनी एकाच दिवशी, एकाच वेळी ओला फुगा मोजला तर त्यातून मुलांना स्वतःच्या हातानं एक नकाशा काढता येईल.